पायमोजे महोदयांस खुले पत्र

प्रति,
मा. पायमोजे (डावे व उजवे),
मुक्काम बुटाच्या आत, निलंगा, जि. लातूर.

विषय : भर पावसात मालकाशी केलेल्या दगाबाजीबद्दल खुलासा मागविणेबाबत.
संदर्भ : आजची सकाळ.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मी निलंग्यातला एक शाळामास्तर. घर ते शाळा सहा किलोमीटर. त्यातले चार डांबरी, उरलेले दोन काळ्या रानातल्या पाणंदीचे. जातो सायकलवर. याविषयी गावात दोन मतं आहेत. मास्तरनं पैसे दाबून ठेवलेत, किंवा मास्तरला डॉक्टरनं सांगितलंय. ‘मास्तरला सायकल आवडते’ हे तिसरं मत एकट्या माझं आहे, आणि मिरग निघाला की तेही डळमळायला लागतं.

आधी एक कबुली. लातूर जिल्ह्यातल्या माणसानं भिजल्याची तक्रार करणं शोभत नाही. एप्रिल २०१६मध्ये लातूर शहराला प्यायला पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं होतं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, त्यांत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात कोणी मला भिजायला बोलावलं असतं, तर मी बूट घालूनच गेलो असतो. पण माणूस कृतघ्न असतो आणि ओल्या पायांचा माणूस जरा जास्तच. म्हणून हा पत्रप्रपंच.

सुरुवातीला माझा संशय तुमच्यावर नव्हताच, तो ढगावर होता. पण चौकशीत निष्पन्न झालं, की वरून पडणारा पाऊस सरळमार्गी आहे. तो दिसतो, आवाज करून येतो आणि रेनकोटनं अडवला की अडतो. शेताकडं निघालेली माणसं खताच्या गोणीची खोळ डोक्यावर घेऊन त्याच पावसात निवांत चालतात. पायांवरचा हल्ला वरून होतच नाही. तो खालून होतो, आणि तो करणारं स्वतःच्याच सायकलीचं पुढचं चाक असतं. चाक रस्त्यावरचं पाणी उचलतं आणि मागं, वरच्या दिशेनं भिरकावतं. मडगार्ड जिथं संपतं, त्याच्या खाली सगळं मोकळं रान. तिथून सुटलेली पिचकारी नेमकी पायडलवरच्या चवड्यावर बसते. म्हणजे मी जितक्या जोरानं पायडल मारणार, तितक्या जोरानं स्वतःवरच पाणी उडवणार. पाऊस उघडला तरी हा कार्यक्रम चालूच, कारण वरचा नळ बंद झाला तरी रस्त्यातले खड्डे भरलेले असतात.

यावर पंक्चरवाल्यानं उपाय केला. फाटक्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापला, दोन भोकं पाडली आणि मडगार्डच्या खालच्या टोकाला तारेनं बांधला. जमीन चार बोटं राहील, इतका खाली. पैसे घेतले नाहीत, वर म्हणाला, “जुन्या सायकलींना हे कंपनीकडूनच यायचं, सर.” डांबरी रस्त्यावर निम्मा फवारा तिथंच थांबला. मी खूश.

ही खुशी चार किलोमीटर टिकली. पाणंद लागली आणि काळ्या मातीनं कामकाज हातात घेतलं. आपली ही माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची लेक. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि एकदा अंगाला लागली की व्याह्यासारखी मुक्काम करते. चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या दोन बोटांच्या जागेत ती अशी ठासून बसते, की चाक फिरायचंच थांबतं. बाभळीची काडी घेऊन कोरायची, दहा पावलं जायचं, पुन्हा कोरायची. शेवटी सायकल खांद्यावर. म्हणूनच इकडचे जाणते लोक पावसाळ्यात मडगार्ड काढून ठेवतात. डांबरीवर मडगार्ड नसलं तर पाय भिजतात, पाणंदीत असलं तर माणूस सायकलीचं वाहन होतो. या पेचावर अजून कोणी तोडगा काढलेला नाही.

मग मी बूट बदलले. लातूरला जाऊन ‘वॉटरप्रूफ’ बूट आणले. किंमत घरी सांगितली नाही, तुम्हालाही सांगत नाही. दुकानदारानं बुटावर पेलाभर पाणी ओतून दाखवलं. एक थेंब आत गेला नाही. त्यानं बूट पायडलवर ठेवून अर्धा तास दाखवायला हवा होता, हे मला पहिल्या पावसात कळलं. चौकातल्या गाड्यावर निलंगा राईसची गरम प्लेट घ्यायला थांबलो, पाय टेकला आणि बुटातून ‘पचक’ असा आवाज आला. शेजारच्या माणसानं माझ्याकडं पाहिलं आणि आपली प्लेट थोडी लांब धरली.

इथं, महोदय, तुमचं नाव पहिल्यांदा पुढं आलं.

बुटाच्या वर चार बोटं तुम्ही डोकं काढून उभे होता. रेनकोटच्या पँटवरून ओघळलेला पहिला थेंब तुम्ही टिपलात. तिथून तुम्ही जे केलंत, ते समईतली वात करते. धागा ओला झाला की पाणी धाग्याधाग्यानं पुढं सरकतं, वातीत तेल वर चढतं, तुमच्यात पाणी खाली उतरतं. बुटाचं तळ, शिलाई, जीभ, सगळे आपापल्या जागी इमानदारीनं उभे होते, आणि तुम्ही मागच्या दारानं पाण्याला हात धरून आत आणलंत. बाहेरून पाणी आत न येऊ देणारा बूट आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. शाळेत पोचून मी उजवा बूट उपडा केला. चहाचा अर्धा कप भरेल, इतकं पाणी निघालं.

तुम्हाला वाचवायचे प्रयत्नही मी केले, हे नमूद करावे. रेनकोटची पँट बुटात खोचायचं सोडून बुटावरून सोडली. तुमच्यावर दुकानातल्या पातळ पिशव्या चढवल्या. पिशव्यांत पावसाचं पाणी गेलं नाही, पण घाम बाहेर पडेना, आणि पाय आतून शिजले. आठवड्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. घरून हुकूम निघाला, “मेंदी लावा आणि गप बसा.” गुरुपौर्णिमेला विद्यार्थ्यांनी पाया पडायचं ठरवलं, तेव्हा पाय नारिंगी होते.

आता आजची सकाळ. शाळेच्या हातपंपापाशी मी बूट उपडे करत उभा होतो. आठवीतली एक मुलगी सायकलवरून उतरली. पायांत रबरी चपला, पोटऱ्यांपर्यंत राड. हँडलला एक पिशवी, तिला गच्च गाठ. तिनं हापसा मारला, पाय खळखळून धुतले, दप्तरातल्या फडक्यानं बोटांची बेचकी न् बेचकी पुसली. मग गाठ सोडली. आत काळे बूट, आणि बुटांत तुमचेच भाऊबंद, गुंडाळून ठेवलेले, कोरडे ठणठणीत. दोन मिनिटांत ती शाळेत जायला तयार झाली. जाता जाता माझ्याकडं पाहून म्हणाली, “सर, बूट घालून कशाला आलाव?”

या प्रश्नाचं उत्तर बी.एड.ला शिकवलेलं नाही.

वर्गात बसून मी त्या बूट-मोज्यांमागचे सरकारी कागद आठवले. जुलै २०२३मध्ये शासनानं ठरवलं, की सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे द्यायचे, दरडोई १७० रुपयांत. दुसरीकडं मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत सायकल मिळते ती आठवी ते बारावीच्या मुलींना. म्हणजे कागदावर बूट आणि सायकल यांची गाठ पडते ती फक्त आठवीत, आणि वर्षभरात ताटातूट. पण मला आज खटकलं ते हे नव्हे. बुटांच्या एका जोडीला मोजे दोन जोड्या का, हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता. एक पायात, एक वाळत, असंच धरून चाललो होतो. त्या पोरीनं दुसऱ्या जोडीचा अर्थ लावून दाखवला.

हा धडा तसा जुनाच. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत सैनिकांचे पाय पाण्यात राहून सडायला लागले. १९१४च्या त्या हिवाळ्यात आपले हिंदी शिपाईही तिथंच होते. ब्रिटिश फौजेनं शेवटी जो नेम घालून दिला, तो हातपंपावरच्या नेमाहून फारसा वेगळा नाही : पाय पुसा, तेल चोळा, मोजे बदला, कोरडी जोडी जवळ ठेवा. साम्राज्याला हे कळायला महायुद्ध लागलं. मला वॉटरप्रूफ बूट लागले.

सबब, तुमच्यावरील आरोप मागे घेण्यात येत आहेत. पाणी शोषणं हा तुमचा धर्म, तुम्ही तो पाळलात. चूक नेमणुकीची होती. वाट ओलीच असणार. कोरडं राहायचं ते पोचल्यावर, आणि तिथं तुमची गरज आहे. उद्यापासून तुमची बदली बुटातून दप्तरात करण्यात येत असून, प्रवासाचा कार्यभार रबरी चपलांकडं सोपवला आहे. शाळेत पोचल्यावर, पाय पुसून झाल्यानंतर, कोरड्या स्थितीत रुजू व्हावे.

आपला,
(तूर्त अनवाणी)
एक शाळामास्तर

प्रत माहितीस्तव :
१) पुढचं मडगार्ड. ट्यूबचा तुकडा डांबरीपुरता ठेवावा.
२) वॉटरप्रूफ बूट, मुक्काम माळा. उन्हाळ्यात भेटू.
३) पाणंद. पक्की झाल्यावर वाचावे.
४) आठवीतली विद्यार्थिनी. उत्तर तुझंच बरोबर होतं.