तिन्ही सोयरे एकाच घरी

ट्रॉय, मिशिगन
मकरसंक्रांत, 2026

ती. स्व. बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तिळगुळाचे फोटो व्हॉट्सॲपवर पोचलेच असतील. हे पत्र मुद्दाम वेगळं लिहितेय, कारण फोन लावला की अमेय शेजारी येऊन बसतो आणि तक्रार त्याचीच करायची आहे. शिवाय फोन तुम्ही एकटेच ऐकता. पत्र मात्र संध्याकाळी कट्ट्यावर मोठ्याने वाचाल. तुमच्या प्रीमियर मोटार कारखान्यातल्या मित्रांचंही मत मला हवंय.

तर, तुमच्या चिरंजीवांना गाडी घ्यायची आहे. दारात दोन उभ्या असताना तिसरी. डॉज चार्जर.

तिची कुंडली आता मला पाठ झाली आहे, कारण जेवताना दुसरा विषयच नसतो. पहिली चार्जर आली 1966 साली. तेव्हा इथली तरुण पोरं भलंमोठं व्ही-एट इंजिन बसवलेल्या दोन दारांच्या गाड्या घ्यायची आणि या सिग्नलपासून त्या सिग्नलपर्यंत शर्यती लावायची. त्या गाड्यांना मसल कार म्हणतात. मग विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम आले, 1973 मध्ये तेलाने डोळे वटारले आणि सगळे पैलवान वाळले. ऐंशीच्या दशकात तर चार्जर हे नाव एका लहानशा, चार सिलिंडरच्या गाडीला लावलं होतं. त्या वर्षांबद्दल अमेय बोलत नाही. 2005 मध्ये चार्जर पुन्हा आली, पण चार दारं घेऊन, त्यामुळे जुने भक्त रुसले. तीही डिसेंबर 2023 मध्ये बंद झाली. 2024 मध्ये दोन दारांची झाली, तर विजेवर चालणारी! भक्त परत रुसले. म्हणून आता पेट्रोलवरची येतेय, तीन लिटरच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची. आठ सिलिंडर का नाहीत म्हणून रुसणारेही आहेतच.

अमेय म्हणतो, आपण साधीच घेऊ, 550 अश्वशक्तीची नको. मी विचारलं, साधीची किती? म्हणाला, 420. बाबा, कंपनी स्वतःच आकडा सांगतेय म्हटल्यावर आपण काय बोलायचं!

तुमच्या पद्मिनीची अश्वशक्ती चाळीसच्या आसपास होती ना? तेवढ्यावर तुम्ही सहा माणसं, वळकट्या आणि आईंचा पुरणपोळ्यांचा डबा घेऊन कसारा घाट चढून नाशिकला गेलात. ही कथा मी दर दिवाळीला ऐकली आहे, आणि दर दिवाळीला एक माणूस वाढतो. इथे चारशेवीस घोडे जुंपून तुमचा मुलगा एकटा दूध आणायला जाणार.

विजेवरच्या चार्जरची गोष्ट तर कट्ट्यावर दोनदा वाचा. विजेच्या गाडीला आवाज नसतो, आणि मुकी मसल कार कोण घेणार? म्हणून कंपनीने मागे आवाज काढणारी यंत्रणाच बसवली. आत स्पीकर, पोकळ नळ्या, आणि पॅडल दाबलं की गुरगुर. हा आवाज 126 डेसिबलपर्यंत जातो, असा कंपनीचा दावा. तुमची सगळी नोकरी गाडीतला आवाज घालवण्यात गेली. दार खडखडतंय, डॅशबोर्ड वाजतोय, खाली काहीतरी किरकिरतंय. इथे बिनआवाजाच्या गाडीत आवाज भरायला इंजिनियर बसवलेत! आणि याचं कौतुक मला कोण सांगतंय? डोंबिवलीच्या रामनगरात विसर्जनाच्या डीजेविरुद्ध घरोघरी सह्या गोळा करत हिंडलेला माणूस.

वेडाची सुरुवात झाली ऑगस्टमध्ये. इथून जवळ वुडवर्ड ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. साठच्या दशकातल्या त्या शर्यती इथेच लागायच्या. आता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्याच रस्त्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. 1995 साली फर्नडेल नावाच्या गावात मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे जमवायचे होते, त्यातून ती सुरू झाली. पाहण्यापेक्षा दिसण्यासाठीच सगळे आलेले, अगदी दिवाळीच्या पहाटेचा आपला डोंबिवलीचा फडके रोड. फक्त पैठणीच्या जागी क्रोमचे बंपर. लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून सकाळपासून बसतात. आम्हीही बसलो. तिथे एका आजोबांनी ईशानला 1969 च्या चार्जरच्या चाकामागे बसू दिलं. नातू तासाभराने विसरला. तुमचा मुलगा अजून विसरलेला नाही.

पण बाबा, खरी गंमत पुढेच आहे, आणि ती मी शोधून काढली. तुम्हीच सांगत असता, वालचंदशेठांनी 1944 साली प्रीमियर काढली ती अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून. 1947 मध्ये कुर्ल्यातून पहिली गाडी बाहेर पडली. डॉज, प्लिमथ, डिसोटो. गाडी जवळजवळ एकच, पुढचा बिल्ला वेगळा. मग क्रायस्लर मागे पडली आणि फियाट आली. 1964 पासून तिची अकराशे डिलाइट, नंतर प्रेसिडेंट, आणि 1974 पासून पद्मिनी. आणि तुमच्या डोंबिवलीच्या कारखान्यात 1994 मध्ये आली फ्रान्सची प्युजो 309. ती 1985 सालची. तिकडे तिची नोकरी संपत आली तेव्हा आपल्याकडे रुजू झाली. 1997 मध्ये प्युजोवाले सामान बांधून निघूनही गेले.

आता ऐका. फियाटने मधल्या काळात क्रायस्लर ताब्यात घेतली, म्हणजे डॉजही तिच्याकडे गेली. मग जानेवारी 2021 मध्ये ही फियाट-क्रायस्लर आणि प्युजोची कंपनी एक झाली. नाव स्टेलँटिस. ज्याच्याशी कुर्ल्यात पहिली सोयरीक झाली तो डॉज, ज्याच्याबरोबर चांगला संसार झाला तो फियाट आणि डोंबिवलीत तीन वर्षांत काडीमोड देऊन गेला तो प्युजो, तिघेही आज एकाच चुलीवर जेवतात! त्यांची अमेरिकेतली कचेरी आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. आपल्या रांजणगावात जीप बनवतात तेही हेच. आणि कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचं नाव उरलंय मैदानाला, तिथे सभा होतात.

अमेयला हे सांगितलं तर म्हणाला, “बघ, म्हणजे डॉज घेणं आपल्या घराण्याचं कर्तव्यच आहे.” काय बोलणार!

मला मात्र या पुनरागमनाच्या सोहळ्यांचं कौतुक वाटत नाही. इकडे गाडी बंद करायची, लोकांना हळहळू द्यायचं आणि मग तेच नाव जास्त वजनाच्या पत्र्यावर चिकटवून परत विकायचं. आपण गाडी मरूच देत नव्हतो. इटलीत 1969 मध्ये बंद झालेली अकराशे कुर्ल्यात पुढे तीस वर्षं निघत राहिली. अर्थात त्यात प्रेमापेक्षा परवाना आणि प्रतीक्षायादीचा वाटा मोठा होता, हे तुम्हीही मान्य कराल. तरी शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली 2003 मध्ये आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. नंतर दोनच महिन्यांत इकडे व्ही-एट चार्जर संपली. हिच्यासाठी केवढे समारंभ झाले! पद्मिनीला लोकांनी टॅक्सी स्टँडवर सेल्फी काढून निरोप दिला.

आता मुद्द्याचं. जूनमध्ये तुम्ही दोघं येताय. त्याला हवी आहे दोन दारांची, कारण ‘खरी’ तीच म्हणे. दोन दारांच्या गाडीत मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून, अंग चोरून आत शिरावं लागतं. आईंच्या गुडघ्यांना ते जमणार आहे का? आणि त्यांना पुढे बसवलं तर मागे तुम्ही, तुमची काठी आणि ईशान. चार दारांची चार्जरही निघालीय, पण तिचं नाव काढलं की तो तोंड वाकडं करतो. इथल्या रस्त्यांवर थंडीभर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्याने पत्रा गंजतो. म्हणून असली लाडकी गाडी नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजमध्ये झाकून ठेवायची, हा त्याचा बेत. म्हणजे सहा महिने माझी गाडी अंगणात बर्फाखाली.

माझं तो ऐकत नाही. तुम्ही रविवारच्या फोनवर एवढंच म्हणा, “चार दारं असतील तर घे, नाहीतर आम्ही येत नाही.” तो चार दारांची घेणार नाही आणि दोन दारांची घेऊ शकणार नाही. बाकी मी पाहून घेते.

आपली,
सूनबाई

ता. क. आई, येताना भाजणी दोन किलो आणा. बाबांना हे पत्र अमेयला दाखवू देऊ नका.