ऋतूवरून मुलाचं नाव कसं ठेवावं : नवख्या आत्यांसाठी पहिला धडा

ज्यांना पहिल्यांदाच आत्या होण्याचा मान मिळाला आहे आणि बारशाला नाव काय ठेवायचं या विचाराने ज्यांची झोप उडाली आहे, त्यांच्यासाठी हा धडा आहे. मी स्वतः वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडची. चार भाच्यांची आत्या. चारही नावं मीच ठेवली, त्यातली दोन अजून वापरात आहेत. एवढ्या अनुभवावर बोलते.

साहित्य

एक बाळ (मुलगा). मुलगी असेल तर हा धडा मिटून ठेवा. नद्या, वेली, फुलं, पहाट, चांदणं, सगळं दुकान तुमच्यासाठी उघडं आहे. मुलांच्या वाट्याला काय उरतं, ते इथे पाहायचं आहे. शिवाय एक पंचांग, एक पाळणा, पातेलंभर घुगऱ्या, आणि नाव सुचवायला आलेले किमान अकरा नातेवाईक. ते तुम्हाला जमवावे लागत नाहीत.

वेळेची घाई करू नका. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, पण ती बिननावाची चालते. नाव पुढे वर्षभरात फुकट घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे नावावरून भांडायला सरकारने घसघशीत पंधरा वर्षं दिली आहेत. तोवर पोट्टं दहावीला जातं आणि आपलं नाव आपणच ठेवून घेतं.

पायरी पहिली : ऋतू मोजा

पंचांगात ऋतू सहा आहेत. वर्धा जिल्ह्यात अडीच. उन्हाळा, पावसाळा, आणि दिवाळीनंतर कपाटातून स्वेटर काढून ठेवण्याचा एक अर्धा.

आता सहांपैकी मुलांसाठी काय उपलब्ध आहे ते पाहा. वसंत, शरद, हेमंत, शिशिर : आहेत. वर्षा : मुलींनी नेली. ग्रीष्म : पडून आहे, कोणीही उचलत नाही. यातला शरद तसा चुकून आपल्याकडे आलेला आहे. संस्कृतात ‘शरद्’ हा शब्द स्त्रीलिंगी. पण महाराष्ट्राने तो बिनदिक्कत मुलांना दिला आणि त्यातला एक शरद चार वेळा मुख्यमंत्री झाला, तेव्हा आता व्याकरण काढण्यात अर्थ नाही. हेमंताला तर वर्ध्यात विशेष मान आहे. हेमंत करकरे इथल्याच शाळेत शिकले.

नवख्यांची पहिली चूक इथेच होते. बाळ कोणत्या ऋतूत झालं ते पंचांगात पाहतात आणि तेच नाव ठेवायला जातात. पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. वैशाख वसंतात मोडतो, हे पंचांग म्हणतं. वर्ध्याच्या वैशाखात वसंत बाहेर पडला तर तो स्वतःच मोडेल. पारा पंचेचाळिसाच्या पुढे असतो, रस्त्यावर दुपारी कुत्रं नसतं. आषाढ पंचांगात ग्रीष्मात पडतो, आणि आपल्याकडे आषाढात झडी लागलेली असते. तेव्हा जन्मवेळेचा ऋतू ही माहिती फक्त ऐकून घ्या. वापरू नका.

पायरी दुसरी : आहे ते नको, हवं ते घ्या

नियम लक्षात ठेवा. नाव हा हवामानाचा अहवाल नसतो, ती मागणी असते. खात्री करायची असेल तर कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावर बोट फिरवा. रेल्वेने मुंबईचा समुद्र इथून साडेसातशे किलोमीटर, आणि प्रत्येक वर्गात एक तरी सागर बसलेला. अंगाची काहिली करणाऱ्या मे महिन्यात जन्मलेले समीर, पवन आणि अनिल, म्हणजे तिघेही वारा. राजीव, अरविंद, पंकज, नीरज : चौघंही कमळं, एकाच बाकावर. त्यांच्यापैकी एकाच्याही गावात तळं नाही, असेल तर त्यात शिंगाडे.

ऊन ज्याच्याकडे फुकट आहे तो कास्तकार पोराचं नाव ऊन ठेवत नाही. म्हणून ग्रीष्म पडून राहिला.

‘तुषार’ हे नाव ठेवताना मात्र जपा. पुण्याच्या माणसाला त्यात दवाचे थेंब दिसतात. आपल्याकडे तुषार म्हणजे हरभऱ्याच्या वावरात टक-टक-टक फिरणारं तुषार सिंचन. माझ्या थोरल्या भाच्याचं नाव तुषार. बारशाला शेजारच्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, “सबसिडीवर भेटला का?” धाकट्याचं नाव मग ‘ठिबक’ ठेवा, असाही प्रस्ताव आला होता. तो मी फेटाळला.

पायरी तिसरी : अक्षर काढा

गुरुजी जन्मनक्षत्र पाहून चार अक्षरं देतात. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू; इथे वसंतवाल्यांचं काम होतं. आर्द्रेला कू, घ, ङ, छ. नवख्या आत्या ङ पाहून रडायला लागतात. रडू नका. ङ वरून आपल्याकडे एकही नाव नाही, गुरुजींनाही ठाऊक आहे. घ घ्या आणि घनश्याम ठेवा. ढगासारखा सावळा! आर्द्रा म्हणजे ओली, तिच्या पोटी ढग. इतकं जुळलेलं नाव पंचांगात दुसरं सापडणार नाही.

एक गोंधळ टाळा. बाळाचं नक्षत्र चंद्रावरून ठरतं, पावसाचं सूर्यावरून. बाळ पुनर्वसूचं म्हणजे ते पावसात झालं असं नाही. आजकाल ‘पुनर्वसू’ हे नाव शहरात आवडीने ठेवतात. गावी सांगताना जपून. त्या नक्षत्राच्या पावसाला आपले लोक ‘तरणा’ म्हणतात आणि पुढच्या पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’. पाळण्यातल्या पुनर्वसूला “काय रे तरण्या” अशी हाक पडली की शहरातली सून माहेरी निघून जाते.

महिने हवे असतील तर कार्तिक, श्रावण आणि (काना काढून) अश्विन चालतात. पौष आणि भाद्रपद चालत नाहीत. पौषात शुभकार्य होत नाही, आणि भाद्रपदात पितर येतात. शिवाय त्या महिन्याशी कुत्र्यांचीही जुनी ओळख आहे.

पायरी चौथी : आडनाव लावून पाहा

सुंदर नाव आडनावाला भिडलं की काय होतं ते मोठ्याने म्हणून पाहा. शिशिर उन्हाळे. वसंत हिवाळे. सागर डोंगरे. ही आडनावं आपल्या महाराष्ट्रात नांदती आहेत, आणि ती ऋतूंना जुमानत नाहीत.

काम आता आणखी अवघड झालं आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. आईला मान मिळाला हे छानच झालं. पण आई वर्षा, बाप शरद आणि आडनाव ढगे असताना हौसेने ‘श्रावण’ ठेवलंत, तर ‘श्रावण वर्षा शरद ढगे’ तयार होतो. तो शाळेत गेला की बाई हजेरी घेताना खिडक्या लावून घेतील.

पायरी पाचवी : घरातली वडीलमंडळी तपासा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आणि कोणत्याही नावांच्या यादीत न सापडणारी. आजोबांचं नाव नातवाला ठेवावं अशी घरात इच्छा असते. पण सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, हीही त्याच घरातली रीत. आजोबा वसंत आणि नातूही वसंत असला, तर सुनेने त्याला “ए वश्या, चड्डी घाल” असं कसं म्हणायचं?

निसर्गाची नावं इथे उपयोगी पडतात. एकेका गोष्टीला आपल्याकडे वीस-वीस शब्द आहेत. अर्थ तोच ठेवायचा, आवाज बदलायचा. आजोबा चंद्रभान तर नातू सुधाकर, आजोबा सूर्यभान तर नातू आदित्य, आजोबा वसंत तर नातू ऋतुराज. सासऱ्याचं नाव पुढे चालतं आणि सुनेची जीभही मोकळी राहते.

पुसदकडच्या नाईकांचं घर पाहा. बाप फुलसिंग, मुलगा वसंतराव, पुतण्या सुधाकरराव. फूल, वसंत आणि चंद्र. पैकी दोघं मुख्यमंत्री झाले. वसंतराव तर १९६३ ते १९७५ सलग. फुलापोटी वसंत येतो हा निसर्गाचा क्रम उलटा आहे, पण राजकारणात चालतो.

पायरी सहावी : हाक मारून पाहा

अंगणात उभं राहून नाव जोरात म्हणा. आपल्याकडे तीन अक्षरांवरचं नाव दाराबाहेर जात नाही. सागरचा सागऱ्या, पंकजचा पंक्या, तुषारचा तुष्या व्हायला एक दुपार लागते. तेव्हा मूळ नावापेक्षा ‘या’ लावलेलं नाव ऐकायला बरं आहे ना, तेवढं पाहा.

‘ऋ’ने सुरू होणाऱ्या नावाला वेगळी तयारी लागते. आपण म्हणतो ऋतुराज, रुमालातला रु. हिंदीत तो होतो रितुराज. बाकीच्या महाराष्ट्रात हा वाद नसेल, वर्ध्यात आहे. १९३६ पासून इथे राष्ट्रभाषा प्रचार समिती आहे, १९९७ पासून हिंदी विश्वविद्यालय. एकाच गल्लीत एकाच बाळाला दोन्ही हाका ऐकू येतात. आधारवर एक स्पेलिंग आणि लसीच्या कार्डावर दुसरं येण्याआधी घरात मतदान घ्या. ऋतुराज गायकवाडची बॅट चालते आहे तोवर ‘रु’ जिंकेल.

नेहमीच्या चुका

झाडाच्या वाटेला जाऊ नका. आमच्या जिल्ह्यात झाडांनी गावांची नावं व्यापली आहेत : हिंगणघाट, वडनेर, पिंपळखुटा. पण वड किंवा पिंपळ नावाचं पोट्टं कोणी पाहिलं आहे? औदुंबर तेवढा चालतो, तो देवाच्या वशिल्याने. मी एकदा तिसऱ्या भाच्याचं नाव हौसेने ‘पलाश’ ठेवलं. घरी कोणालाच ते पटकन कळेना. शेवटी सांगितलं, पलाश म्हणजे पळस. तेव्हापासून तो परीक्षेत कितीही मार्क आणो, घरचे एकच म्हणतात, पळसाला पानं तीनच.

सगळ्यांनी ठेवलेलं नावही ठेवू नका. याचा धडा खुद्द गांधीजींनी घेतला आहे. १९३६ साली ते वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले, आणि त्यांची पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव सेवाग्राम केलं. त्यांना पोस्टाचा त्रास झाला, तुम्हाला शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा होईल. अशा वेळी विनोबांसारखी नजर हवी. धाम नदीपलीकडे पवनारला त्यांनी मुक्काम केला आणि जागेला नाव दिलं परमधाम. धामच्या पलीकडचं ते परमधाम. घराजवळची नदी, एक उपसर्ग, खर्च शून्य.

प्रात्यक्षिक

चौथ्या भाच्याचं बारसं नवतप्यात, म्हणजे ऐन उन्हाच्या त्या नऊ दिवसांत आलं. दोन कूलर, चाळीस बायका, विजेचा लपंडाव. मी वरच्या सगळ्या पायऱ्या पाळल्या. अक्षर जुळलं नाही, ते सोडलं. पाळण्यात वाकले, बाळाच्या कानात ‘ऋतुराज’ म्हटलं आणि पाठीत बायकांचे धपाटे खाल्ले. त्यातले दोन नणंदेचे हिशेब चुकते करणारे होते.

माझे वडील, म्हणजे बाळाचे आबाजी, दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांचं नाव वसंत.

“ऋतुराज म्हंजे काय व?” त्यांनी विचारलं.

“ऋतूंचा राजा. वसंत.”

“म्हंजे माह्यंच नाव न?”

“हो बाबा.”

त्यांनी बाळाकडे पाहिलं. ते घामाने भिजून रडत होतं.

“मी झालो तवाही नवतपाच होता,” ते म्हणाले. “बापानं वसंत ठेवलं.” मग खुर्ची उचलून कूलरपुढे सरकले. “माह्या तं आला नाही अजून. याचा येते का पाहा.”