चार चाकांचा जोर आणि रेवदंड्याचे बैल

ताम्हिणी घाट उतरून कोकणाकडे निघालेली फोर बाय फोर गाडी पाहिली, की मालक कुठल्या गावचा हे सांगता येत नाही, पण तो दुकानातून निघालाय हे नक्की सांगता येतं. नाशिकला बनलेली थार असो की पुण्याच्या फोर्सची गुरखा, गाडी दारात येऊन महिना व्हायच्या आत तिचे टायर ‘बारीक दिसायला’ लागतात. मोठे टायर आले की ते वळताना मडगार्डला घासतात, म्हणून गाडी दोन इंच उचलायची. उचलली की सासूबाईंना चढता येत नाही, म्हणून दाराखाली पायरी लावायची, आणि ही पायरी मिळवलेले दोन इंच इमानदारीने जमिनीला परत करते. पुढे लोखंडी बंपर, बंपरवर विंच, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर जेरीकॅन, फावडं आणि लग्नाच्या वरातीला पुरतील एवढे दिवे. या ओझ्याने पुढच्या स्प्रिंगा बसतात, म्हणून स्प्रिंगा नव्या. टायरचा घेर वाढल्यामुळे स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, ॲव्हरेज पडतं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी जरा पुढे जाऊन थांबते. प्रत्येक दुखण्यावरचं औषध त्याच दुकानात मिळतं, हे वेगळं सांगायला नको. या सगळ्या यादीबद्दल माझं म्हणणं एकच आहे: ज्या गोष्टीने ही गाडी वाळूतून खरोखर बाहेर निघते ती फुकट आहे, आणि ती कुणाला दाखवता येत नाही म्हणून मागे पडते.

कायद्याचं म्हणणं याहून कोरडं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या वेळी होती तशी गाडी मनाला येईल तशी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेला सोडून बदल करू नका असंच सांगितलं. पुढच्या लोखंडी गार्डवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. कारण त्या गार्डमुळे पायी चालणाऱ्याला जास्त लागतं आणि एअरबॅगच्या सेन्सरलाही धक्क्याचा अंदाज नीट येत नाही. गार्ड लावणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘सगळेच लावतात.’

‘पण आपले रस्ते बघा ना,’ हा यावरचा पहिला आक्षेप. बघू या. पुण्याचा चांदणी चौक सोडला की पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, कोलाड, रोहा, रेवदंडा. सगळा रस्ता डांबरी. खड्डे आहेत, पण तेही डांबरीच. घाटांतून एसटी जाते. तिच्या फक्त मागच्या चाकांना जोर, आत पन्नास माणसं, कोंबडीची पिशवी आणि कंडक्टरची पेटी. वस्तीची गाडी भर आषाढात कुठल्या कुठल्या गावांना मुक्कामाला जाते याची यादी काढली, तर फोर बाय फोरच्या निम्म्या जाहिराती मागे घ्याव्या लागतील. वडापवाल्याची जुनी जीपही तेच सांगते. तिच्यात जोर किती चाकांना आहे यापेक्षा मागच्या फळीवर किती जण उभे आहेत, यावर तिची क्षमता मोजतात. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, तेव्हा तिला अपग्रेड करण्यासारखं काही नव्हतंच. दारं नव्हती, टप कापडी होता. जिथे रस्ताच नाही तिथे जायला ती लागायची, आणि गेल्यावर माणूस कामाला लागायचा, फोटो काढायला नाही.

डांबर संपतं ते रेवदंड्याच्या पुळणीवर, आणि प्रवासवर्णनाचा खरा भाग इथे सुरू होतो. पाण्याजवळची ओली वाळू घट्ट दिसते. गाडी तिच्यावरून छान पळते, मागे कुणीतरी मोबाइल धरून उभा असतो. मग वळायचं म्हणून गाडी जरा वर, कोरड्या भुसभुशीत वाळूत घेतली की चाक रुततं. सुटकेसाठी ॲक्सिलेटर दाबला की चाक स्वतःसाठी खड्डा खणतं. चारही चाकांना जोर असला तरी डिफरन्शियल नावाचा जो भाग वळणावर आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळं फिरू देतो, तोच इथे घात करतो. ज्या चाकाला अडथळा कमी ते फुकट गरगरतं आणि पलीकडचं, ज्याच्याखाली धड जमीन आहे, ते ढिम्म हलत नाही. गुरखात पुढची-मागची डिफरन्शियल लॉक करायची सोय आहे, थारमध्ये मोकळ्या चाकाला ब्रेक लावून जोर पलीकडे ढकलतात. पण चारही चाकं एकजुटीने फिरली तरी वाळूत ती एकजुटीने खणतातच. आता विंच आठवते. तिची तार असते पंचवीस-तीस मीटर, आणि तार बांधायला सुरूचं झाड असतं त्याच्या दुप्पट लांब. तोवर भरती निघालेली असते. भरती-ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर, रोज पन्नासेक मिनिटं उशीर आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण, हे हिशेब इथल्या कोळ्याच्या पोराला तोंडपाठ असतात. गाडीच्या टचस्क्रीनवर मात्र ते नसतात.

करायचं असतं ते असं. पुळणीवर उतरण्याआधी थांबायचं, व्हॉल्व्हचं टोपण काढायचं आणि किल्लीच्या टोकाने आतली पिन दाबून धरायची. फुस्स आवाज होतो, बोटाला गार वारा लागतो. रस्त्यावर तीस-पस्तीस पौंड हवा असते ती पंधरा-अठरावर आणायची. टायर खाली फुगीर पसरतो, वाळूवर टेकणारा पट्टा लांब होतो, आणि मघाशी रुतणारी तीच गाडी तरंगल्यासारखी निघते. मात्र वेग कमी ठेवायचा, झटक्यात वळायचं नाही, आणि डांबरावर चढण्याआधी हवा पुन्हा भरायची. एवढंच. पण हवा काढलेला टायर बसका दिसतो, आणि बसका दिसण्यासाठी कुणी एवढे पैसे घातलेले नसतात.

२०२४ च्या अखेरीस याच रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी रुतली आणि ती बैलगाडीने ओढून काढली, तो व्हिडिओ देशभर फिरला. लोक हसले ते फेरारीला. बैलांकडे कुणी तांत्रिक नजरेने पाहिलं नाही. बैलाचा खूर दोन फाळ्यांचा असतो, अंगाचा भार आला की फाकतो, म्हणजे हवा कमी करण्याचं काम त्याने पाऊल टाकतानाच उरकलेलं असतं. लो रेंज गिअर उपजत, आणि रुतल्यावर चाक गरगरवण्याची सवय नाही. यावर कुणी म्हणेल, फेरारी थोडीच फोर बाय फोर होती, तिचं पोट जमिनीला टेकलेलं. मान्य. म्हणून जून २०२४ मधलं कच्छमधल्या मुंद्र्याचं उदाहरण घेऊ. तिथे व्हिडिओसाठी दोन थार समुद्रात घातल्या आणि दोन्ही अडकल्या. पुढे पोलिसांत गुन्हाही दाखल झाला. गाडी फेरारीपेक्षा जास्त आत गेली, फरक एवढाच.

पाण्याबाबतचा आक्षेप जरा वजनदार आहे. पूर येतात, ओढे रस्त्यावर येतात, तेव्हा उंच गाडी हवीच, नाही का? कंपनी थारसाठी साडेसहाशे मिलिमीटर पाण्याचा आकडा देते. हे पाणी साधारण मांडीपर्यंत येतं आणि ते स्थिर असलं पाहिजे. वाहतं पाणी गाडीला बाजूने रेटतं, खालून उचलतं, आणि मोठे टायर आतल्या हवेमुळे या कामी पाण्यालाच मदत करतात. स्नॉर्केल इंजिनाचं नाक वर नेतं. हे कामाचं आहे. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पण स्नॉर्केल दारांच्या फटी, वायरिंग आणि तळाशी साचणारी दुर्गंधी यांच्याबाबत काही करत नाही, आणि गाडीचं वजन तर वाढवत नाहीच. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलच्या चंद्रा नदीतून, रस्त्यावरची कोंडी चुकवायला, एकाने थार नेली. गाडी पार झाली. पोलिसांनी चलान फाडलं, आणि मला ते बरोबर वाटतं. नदी हा पर्यायी मार्ग नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक: हा छंद आहे, छंदाचा उपयोग कशाला विचारता? नाही विचारत. छंद म्हणून खाजगी शेतात, खाणीत, मावळ-मुळशीच्या माळावर चिखलात लोळायला माझी अजिबात हरकत नाही. किनाऱ्यावर मात्र आहे, कारण वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वरच्या वाळूत हिवाळ्यात कासवांची अंडी पुरलेली असतात आणि वरून काही दिसत नाही. पण छंद जे नीट करतात त्यांना बघावं. ते अवघड जागेआधी गाडीतून उतरतात, चालत जाऊन दगड पाहतात. एक जण पुढे उभा राहून हाताने डावं-उजवं सांगतो, चालवणारा लो रेंजमध्ये पहिल्या गिअरवर क्लचवरून पाय काढून गाडीला स्वतःच चढू देतो. त्यांच्या गाडीच्या पत्र्याला पोचे असतात आणि सीटखाली हवेचा गेज, छोटा कॉम्प्रेसर, दोन शॅकल आणि एक जाड पट्टा. त्यांचा पक्का नियम असा, की एकट्या गाडीने रानात शिरायचं नाही, ओढायला दुसरी हवीच. ही दुसरी गाडी कुणाची, हा प्रश्न बहुतेक घरांत मेव्हण्यावर येऊन थांबतो. आणि मेव्हण्याला गाडी घ्यायला राजी करणं हे वाळूतून निघण्यापेक्षा कितीही अवघड असलं, तरी त्यासाठीचं किट अजून कुठल्याच दुकानात आलेलं नाही.