पसरणीच्या घाटात पद्मिनी

दाजींची पद्मिनी दिसण्याआधी तिचा वास येतो. गेटपाशी पेट्रोल दरवळलं की सोसायटीचा वॉचमन विडी विझवून सलाम ठोकतो. त्या सलामात आदर किती आणि भीती किती, हे दाजींनी कधी तपासलेलं नाही. गाडी 1984 सालची, 1089 सीसीची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची, अस्सल कुर्ल्याची. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली त्या दिवशी दाजी जेवले नाहीत, असं ते स्वतः सांगतात. ताई सांगते की दुपारी जेवले नाहीत, रात्री दोन्ही वेळचं जेवले.

महाबळेश्वरला जायचं ठरलं तेव्हा गाडी लिटरला सात किलोमीटर देत होती, धूर काळा होता आणि बंद केल्यावरही कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकत होतं. ताईने काचा सतत खाली ठेवण्याची अट घातली आणि मागच्या सीटवर नाकाला पदर लावून बसली. दाजींनी डॅशबोर्डच्या कप्प्यात स्क्रूड्रायव्हर ठेवला. इतर लोक तिथे गणपतीचा फोटो ठेवतात.

खेड शिवापूरला चहासाठी थांबून दाजींनी बॉनेट उघडलं. महाराष्ट्रात उघडलेलं बॉनेट ही सार्वजनिक मालमत्ता असते. मिनिटाभरात सहा-सात माणसं वाकली. एकाने एअर फिल्टरला दोष दिला. तो खरोखरच इतका काळा होता की क्षणभर मलाही पटलं. फिल्टर तुंबला की हवा कमी पडते, हवा कमी पडली की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. साधारण पंधरा भाग वजनाची हवा आणि एक भाग पेट्रोल, असा इंजिनाचा आहार असतो. पण फिल्टर काढून ठेवला तरी धूर काळाच राहिला. दुसऱ्याने इथेनॉलवर ठपका ठेवला. हल्ली गॅस सिलिंडरपासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्याला इथेनॉल जबाबदार असतं. त्याने जुनं रबर आणि पॅकिंग खराब होतं, हे खरं. पण इथेनॉल आपला ऑक्सिजन बरोबर घेऊन येतं, त्यामुळे मिक्श्चर उलट पातळ होतं. काळ्या धुराचा आळ त्याच्यावर घालता येत नाही. हे मी सांगितल्यावर तो गृहस्थ मी इथेनॉलचा आडत्या असल्यासारखा माझ्याकडे बघू लागला. तिसरा काही बोललाच नाही. ठिबक नेमकी कुठून होतेय ते नीट दिसावं म्हणून तो पेटती विडी घेऊन वाकला आणि ताईने मागच्या सीटवरून जी हाक मारली, तिने विडी, चहा आणि सगळे तज्ज्ञ एकदम दूर झाले.

दाजींनी मग मिक्श्चरचा स्क्रू आत घेतला. शिरवळला आणखी आत घेतला. गंमत अशी की हा स्क्रू फक्त गाडी जागेवर फुरफुरत असतानाचं पेट्रोल ठरवतो. गाडी पळू लागली की कारभार मेन जेटकडे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीकडे जातो आणि त्या स्क्रूला कुणी विचारत नाही. दाजी ज्याच्याशी झगडत होते त्याच्याकडे त्या खात्याचे अधिकारच नव्हते. खंबाटकी आम्ही काळा धूर सोडत चढलो. मागच्या एसटीच्या ड्रायव्हरने ओव्हरटेक करताना दाजींकडे पाहून हात जोडले. दाजींनी ते अभिवादन समजून स्वीकारलं.

सुरूर फाट्यावरून वाईला आलो. वाई हे मराठी विश्वकोशाचं गाव, तेव्हा इथे कार्बोरेटरबद्दल माहिती नसलेला माणूस भेटेल अशी आशा मी ठेवलीच नव्हती. पण भेटलेला फिटर वेगळा निघाला. सत्तरीचा असेल. तो काहीच बोलेना. बॉनेट उघडल्यावर त्याने आधी वास घेतला, मग एक प्लग काढून त्याची काजळी बोटावर घेतली आणि दाजींना विचारलं, "स्क्रू किती फिरवला?"

"थोडासा."

"मालक, थोडासा म्हणजे आता फिरायला जागाच नाही राहिली."

त्याने कार्बोरेटर उतरवला, झाकण काढलं. गच्चीवरच्या टाकीत पाण्याबरोबर वर येऊन नळ बंद करणारा गोळा असतो ना, तसा कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट असतो. पेट्रोल भरलं की तो वर येऊन सुई दाबतो, येणारं पेट्रोल थांबतं. फिटरने तो पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला आणि तसाच दाजींच्या कानाला लावला. आत पेट्रोल खळखळत होतं. तरंगायच्या वस्तूच्या पोटातच पेट्रोल शिरलेलं! ती बुडायची, सुई उघडी राहायची, वाटी ओसंडायची. तेच पेट्रोल इंजिनात जाऊन धूर व्हायचं, तेच बाहेर ठिबकायचं. दाजींचा चेहरा डॉक्टरने एक्स-रे दाखवावा तसा झाला.

समोरच्या टपरीवरून उकळत्या पाण्याचं पातेलं मागवलं. फ्लोट बुडवल्यावर एका कडेने बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. भोक सापडलं. आतल्या पेट्रोलची वाफ पुरती निघून जाईपर्यंत फिटरने फ्लोट पुन्हा पुन्हा बुडवला, कारण पोटात पेट्रोल असलेल्या भांड्याला डाग द्यायला जाणारे फिटर सत्तरीचे होत नाहीत. मग थेंबभर कथील लावलं आणि जास्तीचं कानशीने घासून काढलं. "जड झाला तर पुन्हा बुडंल," एवढंच स्पष्टीकरण. सुई झिजली होती, ती बदलली. मेन जेट उजेडाकडे धरला. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवर भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात कोरलेला असतो, पण कोरलेला आकडा आणि भोक यांचं आता पटत नव्हतं. कुणीतरी कधीतरी तार घालून तो साफ केला होता. जेट फुंकून साफ करायचा असतो. तार घातली की भोक मोठं होतं आणि आकडा तेवढा जुना राहतो. फिटरने डब्यातून एक बरा जेट शोधून बसवला, स्क्रू पुन्हा बाहेर घेऊन जागेवर आणला आणि म्हणाला, "आता वर काही करू नका. धूर दिसला तरी. उतरलात की इकडं या."

पद्मिनी खरोखर बदलली. पसरणीचा घाट तिने न खोकता चढला आणि ताईने पदर नाकावरून काढून आपल्यालाही एक पोट आहे याची आठवण करून दिली. पाचगणीला कणसं झाली. महाबळेश्वरला पोचेपर्यंत मात्र धुराला पुन्हा सावळी छटा आली.

ही छटा यायचीच होती. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा जवळपास आठव्या हिश्श्याने विरळ, पण जेटचं भोक तेवढंच. हवा कमी, पेट्रोल फारसं कमी नाही. हे मी दाजींना रात्री जेवताना समजावलं. त्यांनी मान डोलावली. सकाळी मी उठलो तेव्हा ते बॉनेटमध्ये होते आणि त्यांच्या मदतीला हॉटेलचा कुक, दोन टॅक्सीवाले आणि घोडेवाला होता. घोडेवाल्याचं मत सगळ्यात ठाम होतं. बॉनेटखाली जाळी पुसायच्या फडक्यावर एक जेट निघालेला दिसला. टॅक्सीवाल्याने खिशातून काढलेला बारका जेट आत गेला होता आणि स्क्रूही पाऊण फेरा आत गेला होता. गाडी काय गोड वाजत होती! दाजी माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, नुसतं हसले.

परतीच्या वाटेवर पाचगणी ओलांडली आणि हवा दाट होऊ लागली. घाटात दाजींनी पाय उचलला की सायलेन्सरमधून फटाका, पाय ठेवला की कार्बोरेटरमधून शिंक. मिक्श्चर आता इतकं पातळ झालं होतं की प्रत्येक वळणावर गाडी जीव धरून जायची. हॅरिसन्स फॉलीकडे निघालेल्या एका कुटुंबाने आमच्या आवाजाने फोटो काढायचा सोडून मुलांना कडेला घेतलं. ताई मागून म्हणाली, "अहो, काल निदान वास तरी शांत होता."

वाईला फिटर दुकानाबाहेर बसला होता. आम्ही दिसायच्या आधीच तो उठला होता. पसरणीपासून ऐकत असणार. बॉनेट उघडलं, जेट काढून पाहिला, उजेडाकडे धरला, परत पाहिला.

"वर कुणी हात लावला?"

दाजी ढोल्या गणपतीच्या देवळाच्या दिशेने बघू लागले.

कालचा जेट फडक्यातून निघाला, जागेवर बसला, स्क्रू पाऊण फेरा बाहेर आला, गाडी मुकाट्याने सुरू झाली. दाजींनी पाकीट काढलं. फिटरने पैसे घेतले नाहीत. त्याने खिडकीतून हात घालून डॅशबोर्डचा कप्पा उघडला, स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

ताई खाली उतरली, डिकी उघडली आणि पकड, पाने आणि पोलिश पेपरची पुडी त्याच्या स्टुलावर आणून ठेवली.

"काका, हेही ठेवा," ती म्हणाली. "आणि जॅक हवा असेल तर तोही आहे."