कोणाच्या दारात कोणती गाडी

"काकू, कोपऱ्यावरच्या घरची नवी गाडी पाहिली का?" मी कंपाउंडच्या भिंतीवरून विचारलं. विचारायची खरं तर गरजच नव्हती. गाडीवरचा हार झेंडूचा की शेवंतीचा आणि चाकाखालचं लिंबू पहिल्याच फटक्यात चिरडलं की नाही, ही सगळी माहिती काकूंकडे माझ्याआधी पोचलेली असते.

"पाहिली नं बापा. पांढरीच हाय. आपल्या इकडे समद्याइले पांढरीच लागते. काळी घेऊन मे महिन्यात कोन बसनार तिच्यात? चपाती भाजून निघते सीटवर. आन् उद्या इकाची पाळी आली तं गिऱ्हाईक पांढरीलेच पयले राहते."

घेतानाच विकायचा हिशेब! यवतमाळात गाडी घेणारा एक असतो आणि निवडणारे दहा. मेव्हणा सांगतो, व्याही सुचवतात, पतसंस्थेतला ओळखीचा माणूस हप्ता बसवून देतो. पण शेवटचा शब्द मिस्त्रीचा. दारव्हा रोडवरच्या नाहीतर आर्णी रोडवरच्या आपल्या मिस्त्रीने "घेऊ नका भाऊ, याचा पार्ट नागपूरवरून बोलवा लागते" म्हटलं, की जाहिरातीतल्या कितीही देखण्या गाडीचा विषय तिथेच मिटला.

"आमच्या ह्याइनं काय केलं मंग?" काकूंनी आवाज खाली केला, म्हणजे गुरुजींना ऐकू जाईल इतकाच. "नंबर लावला चेतकचा. पोरगं झालं, पोरगं चालाले लागलं, तवा आली ते स्कूटर!"

थोडं मीठमसाला सोडलं तर गोष्ट खोटी नाही. बजाजने १९७२ मध्ये चेतक बाजारात आणली, तेव्हा पैसे मोजले की गाडी मिळाली असं नव्हतं. परवाना राज होतं, किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवायचं. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचे, आणि हाती आलेली स्कूटर जास्त पैसे घेऊन लगेच दुसऱ्याला देणारेही होते. गुरुजींची ती स्कूटर अजून आहे. सकाळी ते तिला अंगाकडे आडवी करतात, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत उतरेस्तोवर तशीच धरून ठेवतात, मग सरळ करून किक मारतात. तिसऱ्या किकला निळा धूर आणि काकूंचा वैताग एकदमच बाहेर पडतो, कारण धुणं त्याच बाजूला वाळत असतं.

गुरुजी अंगणातून म्हणाले, "चेतक अजून निघते म्हटलं. बॅटरीवरची. २०२० पासून."

"हो, पण ती आडवी करावी लागत नाही," मी म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही.

चेतकच्या आधी ते लुनावर शाळेत जायचे, घाटंजीकडे. लुनाही १९७२ चीच, पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकची. घाट आला की पायडल मारायचं, पेट्रोल संपलं तरी पायडल मारायचं. मास्तर, ग्रामसेवक, पोस्टमन यांचं ते वाहन, आणि पगार पाहूनच घेतलेलं. पाटलाच्या दारात बुलेट, दूधवाल्याकडे राजदूत, कॉलेजातल्या पोट्ट्यांच्या डोळ्यांत यामाहा. दारातली गाडी पाहून माणसाचं काम ओळखता यायचं. आता ते जमत नाही, कारण हप्त्याने सगळ्यांना एका रांगेत आणून उभं केलं.

खरी कौतुकाची गाडी मात्र ती टीव्हीएसची एक्सएल. तिला कोणी वळून पाहत नाही, कोणी तिच्यासोबत फोटो काढत नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये कळंब नाहीतर राळेगाव रस्त्यावर उभं राहून पाहा. पुढच्या सपाट जागेत फवारणीचा पंप, हँडलला औषधाची थैली आणि डब्याची पिशवी. मागची सीट काढून ठेवलेली, तिथे सरकीच्या ढेपीचं पोतं रबराच्या ट्यूबने बांधलेलं. एवढ्या पसाऱ्यात गडी अर्ध्या बुडावर बसून चिखलातून शेतात चाललेला. ज्याने ती गाडी आखली त्याने वऱ्हाडातला शेतकरी डोळ्यांसमोर ठेवला असावा असं मला नेहमी वाटतं. शोरूमवाला ॲव्हरेज सांगत बसतो, घेणारा विचारतो, "पोतं बसते का?"

"आपल्या इथं रेल्वे असती तं लोकाइनं इतक्या गाड्या घेतल्या नसत्या," गुरुजी एकदाचे भिंतीजवळ आले. हा त्यांचा लाडका विषय. पण मुद्दा बरोबर आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे म्हणायला होती, आपली शकुंतला. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, अरुंद रूळ, मालकी विलायती कंपनीची. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९२३ पासून ओढत होतं, ते १९९४ मध्ये थांबलं आणि डिझेल लागलं. तिच्यात बसून लग्नाचा मुहूर्त गाठायचा म्हणजे आदल्या दिवशी निघावं लागे. मोठी गाडी पकडायची तर धामणगाव नाहीतर बडनेरा, तेही दुसऱ्या जिल्ह्यात. मध्यरात्रीच्या गाडीला पोचवायला एसटी नाही, म्हणून मग कोणाची तरी जीप सांगायची. ज्याच्या दारात जीप, त्याच्याशी गल्लीत कोणी भांडायचं नाही. आमच्याकडे चारचाकीचं मोल अशा रात्रींनी वाढवलं. आता वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गातला वर्धा ते कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. गुरुजी तेवढ्यासाठी कळंबला जाऊन रेल्वे पाहून आले. गेले स्कूटरवरच.

काळ्या-पिवळ्यांचा जमानाही त्याच रात्रींतून आलेला. पांढरकवडा, दिग्रस, नेर, सगळीकडे भरल्याशिवाय न हलणाऱ्या, आणि भरल्यावरही "अजून एक बसते" म्हणणाऱ्या.

"मी तं आता बसतच नाई त्याच्यात," काकू म्हणाल्या. "लालपरीत अर्धं तिकीट हाय बायाइले. मार्च २०२३ पासून म्या माहेर सोडलं नाई एक महिना! आन् ह्याइले पंचाहत्तर झाले की फुकट. मंग कायले ठेवता ते स्कूटर?"

गुरुजींनी न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्या डोक्यात वेगळाच घोर आहे, नव्या पाटीचा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती उच्च सुरक्षेची नंबरपाटी सक्तीची झाली. दुचाकीला साडेचारशे रुपये, वर जीएसटी. "पाटीची किंमत गाडीपेक्षा जास्त होते," काकू म्हणाल्या. हे अन्यायाचं बोलणं होतं, पण फार अन्यायाचं नव्हतं.

मग विषय निघाला पुण्याच्या पासिंगचा. आपल्या एमएच २९ मध्ये एमएच १२ आणि १४ च्या जुन्या गाड्या किती घुसल्या आहेत, पाहा जरा. पोरगं हिंजवडीला नोकरीला, ते तिकडून स्वस्तात पाठवते. प्रत्येक गाडी "एका डॉक्टरांनी वापरलेली, फक्त दवाखान्यात जायची." पुण्यात इतके डॉक्टर असते तर तिथे कोणी आजारी पडलंच नसतं.

आता काकूंनी मूळ गोष्ट काढली, जिच्यासाठी त्या सकाळपासून भिंतीशी घुटमळत होत्या. त्यांचा भाचा, बाभुळगावकडचा. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेला तेव्हा त्याच्या गावात दारोदारी मोटारसायकली उभ्या राहिल्या होत्या. याने तेव्हा थांबून घेतलं. मग २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव आठ हजार एकशे दहा झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरला, ट्रॅक्टरवर बारा टक्क्यांचा पाच झाला, लहान मोटारींवरही अठ्ठावीसचा अठरा. त्याला गाडी घ्यायचीय.

"ट्रॅक्टर?" मी विचारलं.

"नाई नं! मोठी गाडी. काळी. लग्न जमवाचं हाय म्हनते, पोरीवाले दारात पाहतात का हाय ते."

हे मात्र खरं. जावयाच्या शेतापेक्षा त्याच्या दारातली गाडी आधी पाहणारे सासरे मी पाहिले आहेत, आणि तिच्यावर बँकेचं नाव आहे का हे एकानेही विचारलेलं ऐकलं नाही.

गुरुजी म्हणाले, "ट्रॅक्टर घेतला तं नांगरटीचं, रोटाव्हेटरचं भाडं येते. गाडीले भाडं येते का? उभ्या उभ्या खाते ते."

"ट्रॅक्टरही उभाच राहते," काकूंनी उडवलं. "त्याच्या गावात आधीच घरोघरी हाय. कोनाच्या वावरात जाईन भाड्यानं?"

गुरुजी गप्प झाले. काकूंनी धुणं उचललं आणि निकाल देऊन टाकला: "मी सांगून देल्लं त्याले. यंदा एक्सएल घे, पोतं बसते. पोरीवाल्याइले काळी गाडी पाहाची असन तं कोपऱ्यावरून भाड्यानं आनू, आन् ते बी पांढरीच भेटन."