जागा हलवू नका

आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे. दोन संगणक, एक स्कॅनर, लॅमिनेशनचं यंत्र आणि खिळ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी, जिच्यात लोकांची विसरून राहिलेली आधार कार्डं जपून ठेवलेली असतात. दुकान चालवणाऱ्या ताईंचा हात बघत राहावा असा आहे. फोटो स्कॅन केला, कडा कापल्या, आकार कमी केला, फाइलला नाव दिलं, अर्जाला जोडली. तोंडाने गिऱ्हाइकाशी बोलणं चालू, नजर समोरच्या कागदावर. पडद्याकडे त्या शेवटी एकदाच बघतात, नाव-आडनाव बरोबर आहे ना एवढं तपासायला.

जूनमधल्या एका सकाळी मी तिथे रांगेत होतो. प्रवेशाचे दिवस, पोरंपोरी आणि त्यांचे आईबाप दुकानाच्या पायरीपर्यंत उभे. संगणकाने रात्री आपण होऊन अपडेट घेतलं होतं. पडदा उजळला आणि ताईंचा हात हवेतच थांबला. पट्टीवरची चित्रं वेगळी. स्कॅनरची खिडकी उघडायची खूण नेहमीच्या जागी नाही. मराठी-इंग्रजी बदलायची खूण दिसेना. छपाईच्या खिडकीत प्रतींचा आकडा लिहायची चौकट कुठेतरी खाली गेलेली. ज्या कामाला दीड मिनिट लागायचं त्याला अकरा मिनिटं लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, येत नसेल तर सांगा, दुसरीकडे जातो."

येत नसेल तर! बारा वर्षं हे काम करणाऱ्या बाईला रांगेसमोर हे ऐकावं लागलं. त्यांचा चेहरा उतरला तो मी पाहिला. चूक त्यांची नव्हती, पण लाज त्यांच्या वाट्याला आली. माझा राग इथून सुरू होतो.

संगणक वापरणाऱ्याकडे दोन प्रकारचं ज्ञान असतं. एक डोक्यातलं: फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय. दुसरं हातातलं: कुठली गोष्ट कुठे आहे. रोजचं काम या दुसऱ्या ज्ञानावर चालतं. अंधारात आपण देवघराच्या खोलीतला दिवा लावतो तेव्हा बटण शोधत नाही, हात जातो. हे ज्ञान फुकट मिळत नाही. हजार वेळा तेच करून, चुकून, परत करून ते हातात मुरतं. ती वापरणाऱ्याची कमाई आहे. आणि पडद्यावरच्या जागा न विचारता बदलणं म्हणजे ती कमाई काढून घेणं आहे. मी मुद्दाम एवढा कडक शब्द वापरतोय.

सगळ्यात ठळक उदाहरण स्टार्टच्या बटणाचं. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आलं आणि डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात ते बटण बसलं. पुढची सतरा वर्षं ते तिथेच होतं. महाराष्ट्रात लाखो मुलामुलींनी एमएस-सीआयटी केलं ते याच काळात. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागतं म्हणून पन्नाशीच्या जवळ आलेले कारकूनही वर्गात येऊन बसले. माउस हातात धरायला शिकणाऱ्या माणसाला "डाव्या कोपऱ्यात जा, स्टार्टवर क्लिक करा" एवढं सांगितलं की त्याला संगणकाचं दार सापडायचं.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ आलं आणि ते दारच काढून टाकलं. पूर्ण पडदाभर रंगीत फरश्या. कारण काय, तर आयपॅड २०१० मध्ये आला होता, टॅब्लेटचा जमाना आला असं सगळे म्हणत होते आणि मायक्रोसॉफ्टला बोटाने चालणारा पडदा आणि माउसने चालणारा पडदा एकाच साच्यातून काढायचा होता. टेबलावरचा संगणक वापरणाऱ्यांनी टॅब्लेट मागितला नव्हता. तरी त्यांच्या टेबलावरची मांडणी टॅब्लेटच्या सोयीने झाली. साधा संगणक बंद करायचा तर माउस उजव्या कोपऱ्यात नेऊन थांबायचं, पट्टी बाहेर येईल तिच्यातून सेटिंग्ज उघडायचं, मग पॉवर, मग शट डाउन. ज्याला हे कुणी सांगितलं नाही, त्याला पडद्याकडे बघून ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

लोक इतके वैतागले की वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ मध्ये, बटण परत आलं. पण दाबलं की त्याच फरश्या. खरा मेनू परत यायला जुलै २०१५ चं विंडोज १० उजाडावं लागलं. म्हणजे पावणेतीन वर्षं एका कंपनीच्या एका अंदाजाची किंमत वापरणाऱ्यांनी भरली. त्या काळात जुना मेनू परत आणून देणाऱ्या क्लासिक शेलसारख्या फुकट प्रोग्रामवर लोकांनी दिवस काढले.

एवढं झाल्यावर धडा घेतला जाईल असं वाटलं होतं. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं आणि बटण कोपऱ्यातून उठून पट्टीच्या मधोमध जाऊन बसलं. मधोमध म्हणजे नेमकं कुठे? पट्टीवर आणखी एक प्रोग्राम उघडला की सगळी रांग पुन्हा मध्यावर येते आणि बटण थोडं डावीकडे सरकतं. बंद केला की परत उजवीकडे. बटणाला ठरलेली जागाच राहिली नाही.

आता कोपऱ्याला एवढं महत्त्व का, तेही सांगतो. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हाताच्या हालचाली मोजून दाखवलं की लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात तिथे लवकर पोचतो. माउसच्या बाबतीत पडद्याची कड ही भिंतीसारखी असते. बाण तिच्यापलीकडे जाऊ शकत नाही. त्यामुळे कोपऱ्यातल्या बटणावर नेम धरावा लागत नाही. माउस तिरका ढकलून द्या, बाण आपोआप तिथे अडतो. हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला, नजर अधू झालेल्या माणसाला हा कोपरा म्हणजे मोठा आधार. संगणकाची मांडणी शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात फिट्सचा हा नियम शिकवला जातो. माहीत असूनही बटण हलवलं गेलं. सेटिंगमध्ये जाऊन ते परत डावीकडे नेता येतं, हे खरं आहे. पण ती सेटिंग ज्याला सापडते त्याला मुळात मदतीची गरज कमीच असते.

हीच कथा कंट्रोल पॅनेलची. १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून ते आहे. २०१२ पासून शेजारी सेटिंग्ज नावाचं दुसरं घर बांधायला घेतलं, आणि अजून सगळं सामान तिकडे गेलेलं नाही. एक गोष्ट इकडे, दुसरी तिकडे, काही दोन्हीकडे. अर्धवट सोडलेलं काम निस्तरायची जबाबदारी वापरणाऱ्यावर.

कंपन्या म्हणतात, आम्ही मोजूनच बदल करतो. कोण किती वेळा काय दाबतं याचे आकडे आमच्याकडे आहेत. असतील. पण क्लिक मोजता येतात, गोंधळ मोजता येत नाही. ताईंनी त्या सकाळी तीस-चाळीस ठिकाणी क्लिक केलं असेल. आकड्यांत ते भरपूर वापर म्हणून जाईल. शिवाय एखादी गोष्ट माणूस महिन्यातून एकदाच वापरतो, म्हणून ती बिनमहत्त्वाची ठरत नाही. घरातला टॉर्च आपण रोज कुठे वापरतो? पण दिवे गेले की तो त्याच खुंटीला हवा.

फक्त मायक्रोसॉफ्टला धरून बसणं अन्यायाचं होईल. ॲपलने जुलै २०११ मध्ये मॅकसाठी लायन ही आवृत्ती आणली आणि स्क्रोल करायची दिशाच उलटी केली. मात्र एक खूण काढली की जुनी दिशा परत मिळत होती. एवढं सौजन्य पुरेसं असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनीच आयफोनपासून मॅकपर्यंत सगळ्यावर काचेसारखं पारदर्शक रूप चढवलं. मागचं चित्र पुढच्या अक्षरांत मिसळू लागलं, वाचायला त्रास होतो अशा तक्रारी आल्या, आणि काही आठवड्यांत काच थोडी गडद करायची सोय द्यावी लागली. त्याच्या आदल्याच महिन्यात गुगलने आपल्या फोन ॲपचं रूप बदललं आणि देशभर असंख्य अँड्रॉइड फोनांवर कॉलचा पडदा रातोरात वेगळा दिसू लागला. फोन हॅक झाला की काय, अशी शंका माणसांना आली. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात ते सकाळी उठून अनोळखी दिसलं तर माणूस घाबरणारच. त्याला अडाणी म्हणू नका.

मोफत सॉफ्टवेअरवाले तरी वेगळे वागले का? नाही. एप्रिल २०११ मध्ये लिनक्सवरच्या ग्नोम या लोकप्रिय मांडणीने तिसरी आवृत्ती काढली आणि जुनी घडी मोडली. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीर नाराजी दाखवली आणि काही काळ एक्सएफसीई ही साधी मांडणी वापरायला घेतली. पण तिथे एक मोठा फरक आहे. अर्जेंटिनातल्या एका वापरणाऱ्याने जुन्या ग्नोमचा मूळ कोड उचलला आणि माते नावाने पुढे चालू ठेवला. आजही ज्याला २०१० सालच्या सवयीचा पडदा हवा त्याला तो मिळतो, सुरक्षेच्या दुरुस्त्यांसकट. नवं आणल्यावर जुनं सांभाळता येत नाही असं कुणी म्हटलं, तर ते इथेच खोटं पडतं.

सुरक्षेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मुदतवाढीची सोय आहे, पण ती थोड्या काळाची. सुरक्षित राहायचं तर ११ घ्या. ११ घ्यायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. नाहीतर चांगला चालणारा संगणक बदला. आणि ११ घेतलं की त्याची मांडणीही घ्या. कुलूप दुरुस्त करायला आलेल्या माणसाने जाताना स्वयंपाकघरातले डबेही इकडचे तिकडे करून जावेत, तसं हे. कुलूप दुरुस्त करा, जरूर करा. डब्यांना हात लावायचा असेल तर घरातल्या बाईला विचारा.

माझा एक मित्र दृष्टिहीन आहे. पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर तो दिवसभर नोकरीचं काम करतो. त्याच्यासाठी पडद्याला डावं-उजवं नसतं, क्रम असतो. सात वेळा टॅब, मग एंटर. चार वेळा खालचा बाण, मग एंटर. ही त्याची वाट. एका अपडेटनंतर सातवर वेगळंच बटण आलं आणि त्याने लिहून ठेवलेलं पत्र पाठवण्याऐवजी टाकून दिलं गेलं. नव्या चित्राचा रंग सुंदर होता म्हणे. त्याला त्या रंगाचा काय उपयोग?

बदलच नको असं मी म्हणत नाही. २०१९ मध्ये विंडोज १० ला मराठीसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कळफलक मिळाले. रोमन अक्षरं दाबून देवनागरी लिहिणाऱ्यांची मोठी सोय झाली. आणि इन्स्क्रिप्ट हा जुना कळफलक वापरणाऱ्यांचं काही बिघडलं नाही, कारण इन्स्क्रिप्ट जिथे होता तिथेच राहिला. इन्स्क्रिप्टकडे तर नीट बघायला हवं. ऐंशीच्या दशकात आपल्या देशात तो ठरला, १९९१ च्या भारतीय मानकात आला. क तेव्हाही इंग्रजी के च्या कळीवर होता, आजही आहे. मराठी टंकलेखकाचा क जिथे, तिथेच बंगालीचा, तिथेच तमिळचा. संगणक किती पिढ्या बदलले, पण ज्याने तेव्हा बोटं बसवली त्याला आज पुन्हा शिकावं लागत नाही. भर घालायची ती अशी. खोली वाढवा, माळा काढा, पण जिना जिथे आहे तिथे राहू द्या.

मागणं फार नाही. सुरक्षेची दुरुस्ती आणि रूपाचा बदल वेगवेगळे पाठवा. रूप बदलण्याआधी विचारा, तेही ज्याला विचारताय त्याच्या भाषेत. "जुनीच मांडणी ठेवा" हे बटण पहिल्याच पडद्यावर ठळक द्या, आणि ते वर्षभराने गुपचूप काढून घेऊ नका.

त्या दिवशी दुकान बंद झाल्यावरही ताई संगणकासमोर बसल्या होत्या. मी राहिलेला दाखला न्यायला गेलो तेव्हा शटर अर्धं खाली होतं. समोर शाळेची दोनशे पानी वही. एकेक काम करून त्या लिहीत होत्या: स्कॅन, खालची पट्टी, उजवीकडून तिसरं चित्र, निळं. प्रती, खाली जाऊन 'आणखी'. मराठी, विंडोज आणि स्पेस एकदम. पानाच्या वरच्या बाजूला जुन्या ओळी होत्या, निळ्या शाईच्या, दोन-तीन वर्षांपूर्वी कधीतरी लिहिलेल्या. त्यांवर त्या पट्टी धरून एकेक रेघ मारत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, पाच मिनिटं थांबा, एवढं हातात बसू दे. सकाळी पोरं येतील."