आवक-जावक

बापूकाका तंबाखू खात नाहीत. ते तंबाखू खाणाऱ्या एका माणसाचे साक्षी आहेत. तो माणूस त्यांच्याच पायजम्यात वावरतो, त्यांच्याच तळहातावर चुना घेतो आणि त्यांच्याच डाव्या गालात बार भरतो, हा त्यांच्या मते तपशिलाचा भाग झाला.

“आत्ता बघ,” सोसायटीच्या बाकावर मला शेजारी बसवून ते सांगतात, “तलफ आली. कुठून आली? घशातून. आता जिभेच्या मुळाशी पोचली. मी काही करत नाहीये. नुसता बघतोय.” हे चालू असताना उजवा अंगठा डाव्या तळहातावर फिरत असतो. मग दोन थापा, उडालेली भुकटी, माझी शिंक, आणि चिमूट गालात. “गेली! आली तशी गेली. अनिच्च. सगळं अनित्य.” यानंतर दहा मिनिटं बापूकाका मौनात असतात. तोंडात बार असताना दुसरं काही शक्यही नसतं.

माणूस असा एकाएकी घडत नाही. बापूकाकांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, धरणाच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवण्यात गेली. सकाळची पातळी, संध्याकाळची पातळी, चोवीस तासांतला पाऊस, विसर्ग, शेरा. पाणी चढलं तर चढलं लिहायचं, उतरलं तर उतरलं लिहायचं. दरवाजे उघडायचा हुकूम वरून येई आणि ते उघडणारा माणूसही वेगळा असे. चढत्या पाण्याकडे शांत चित्ताने बघत राहणं ही विद्या त्यांना खात्याने पगार देऊन शिकवली होती. अध्यात्माने त्यात फक्त पाली शब्दांची भर घातली.

निवृत्तीनंतर सुरुवातीचा काळ दासबोधाचा होता. दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात समर्थांनी मूर्खांची लक्षणं दिली आहेत. वाचणाऱ्याने ती आपल्या अंगाला लावून पाहावीत ही अपेक्षा. बापूकाकांच्या प्रतीत त्या समासाच्या समासात पेन्सिलीने नावं लिहिलेली आहेत. सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, एक व्याही आहेत, खात्यातले एक माजी कार्यकारी अभियंता तर तीन वेगवेगळ्या ओव्यांसमोर आहेत. त्याच दशकात दहावा समास पढतमूर्खाचा. ते पान मात्र कोरं. मी विचारलं, तर म्हणाले, “तसा माणूस माझ्या परिचयात नाही.”

मग मुलीने परस्पर फॉर्म भरून त्यांना इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला पाठवलं. निमित्त तंबाखूचं आणि रागाचं. पार्किंगवरून बापूकाका दर आठवड्याला एकदा इतके तापत, की काकू रक्तदाबाची गोळी आणि पाण्याचा तांब्या गॅलरीतच ठेवून द्यायच्या.

धम्मगिरीवर दहा दिवस म्हणजे खायचं काम नाही. पहाटे चारला घंटा. दिवसाचे दहा-दहा तास मांडी. फोन, पुस्तक, वही, पेन सगळं जमा, आणि अर्थातच तंबाखू जमा. कुणाशी बोलायचं नाही, खाणाखुणाही नाहीत. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा. आत आला, बाहेर गेला. “हे आवक-जावक मला पहिल्या तासातच जमलं,” बापूकाका सांगतात. “बाकीचे लोक चुळबुळत होते. त्यांनी टपालाचं टेबल कधी सांभाळलंच नव्हतं.” डोळे मिटून बसलेल्या माणसाला बाकीचे चुळबुळत असल्याचं कसं दिसलं, हे मी विचारलं नाही.

मला त्या दहा दिवसांबद्दल खरंच आदर आहे, आणि त्यांच्याबद्दलही. तंबाखू सोडताना पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. डोकं धरतं, झोप उडते, घरच्यांवर माणूस खेकसतो. बापूकाकांनी ते दिवस एक अक्षर न बोलता काढले. सगळ्यात अवघड चढ ते चढून गेले होते. नाशिककराला इगतपुरीपर्यंत घाट लागत नाही, खरा घाट पुढे कसाऱ्याकडे उतरतो. बापूकाका अकराव्या दिवशी सकाळी स्टेशनसमोरच्या टपरीवरच उतरले.

“म्हणजे खाल्लीत?” काकूंनी दारातच विचारलं होतं.

“दहा दिवस खाल्ली नाही. यावरून काय सिद्ध झालं? की मी तिचा गुलाम नाही. जो गुलाम नाही त्याने खायला हरकत काय?”

या युक्तिवादाला उत्तर नाही. पुढे कुणी फार खोदलं तर ते गोयंका गुरुजींची गोष्ट सांगतात. गुरुजी ब्रह्मदेशातले मोठे व्यापारी. अर्धशिशीने इतके हैराण, की मॉर्फिन टोचून घ्यावं लागे, आणि उद्या त्याचीच सवय लागेल ही वेगळी धास्ती. १९५५ साली ते विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा सयाजींनी आधी नाहीच म्हटलं. नुसती डोकेदुखी घालवायला म्हणून ही विद्या नाही. मन शुद्ध करायला येणार असाल तर या. ही खरी घडलेली गोष्ट आहे, आणि चांगली आहे. पुढे गुरुजी १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीची ती टेकडी ध्यानाला लागली. बापूकाकांनी यातून घेतलेला बोध असा: “म्हणजे साधनेकडून तंबाखू सुटण्याची अपेक्षा करणं हा साधनेचा अपमान आहे.” सयाजींकडून परतलेल्या गुरुजींची डोकेदुखी अखेर गेली, हा गोष्टीचा शेवट ते सहसा सांगत नाहीत.

स्वतःच्याच सवयीच्या साक्षीदारांची ही जमात हल्ली वाढते आहे, असं माझं मत आहे. पूर्वी माणूस चौथी जिलेबी चोरून खायचा. आता उघड खातो आणि म्हणतो, “मी हे भावनिक कारणाने खातोय, मला कळतंय.” साहेब शिपायावर ओरडतो आणि लगेच सांगतो, “राग हा माझा विषय आहे, मी त्यावर काम करतोय.” काम चालू आहे अशी पाटी एकदा रस्त्यावर लागली, की खड्ड्याबद्दल तक्रार करायची सोय राहत नाही. जुन्या माणसाला निदान लाज वाटायची. लाज ही चांगली गोष्ट आहे असं मी म्हणत नाही, पण तिच्यामुळे जिलेब्या वाचायच्या.

बापूकाकांनी मात्र हे सगळं खात्याच्या शिस्तीत बसवलं. शिबिरात वही-पेन मना होतं, त्याची भरपाई घरी आल्यावर झाली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची नोंदवही. पट्टीने आखलेले रकाने: वेळ, संवेदना, स्थान, प्रतिक्रिया, शेरा. मला त्यांनी ती अभिमानाने दाखवली.

“सकाळी ७.१०. तलफ. जिभेखाली ओलावा. समता ठेवली. ७.११. बार. समता कायम.”

“सकाळी ९.३५. सेक्रेटरींनी आपल्या जागेत स्कूटर लावली. छातीत उष्णता, कानशिलं गरम. तटस्थपणे पाहिलं. ९.४० ला खाली जाऊन बोललो. बोलताना आवाज कंठातून निघत असल्याचं पूर्ण भान होतं.”

ते भान मागच्या इमारतीलाही होतं. तिथले दोघं गॅलरीत आले होते.

“दुपारी १.२०. डाव्या गालात आतून उष्ण, काहीशी खरखरीत संवेदना. तिखटाने तीव्र होते. सूक्ष्म नाही, स्थूल आहे. प्रतिक्रिया दिली नाही. अनिच्च.”

ही शेवटची नोंद पुढच्या प्रत्येक पानावर होती. वेळ बदलायची, शब्द तेच. या संवेदनेवर बापूकाकांचा विशेष जीव होता. डोक्याच्या टाळूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत मन फिरवताना बाकी शरीर कधी दाद द्यायचं, कधी नाही, पण डावा गाल हमखास सापडायचा. “जुन्या साधकांनाही इतकी स्पष्ट संवेदना मिळत नाही,” असं ते म्हणाले होते.

काकूंना रकाने वाचता येत नव्हते असं नाही, पण त्यांना सुगावा लागला तो मिसळीवरून. बापूकाका मिसळ मागवून त्यात दही मागू लागले. मग रस्सा बाजूला ठेवू लागले. नाशिकचा माणूस रस्सा बाजूला ठेवतो म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं काकूंना विपश्यनेवाचून कळलं. त्यांनी रिक्षा बोलावली आणि नवऱ्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. डॉक्टर म्हणजे मुलीच्या वयाची मुलगी. तिने दांड्याचा छोटा आरसा गालात धरला, दिवा ओढला आणि विचारलं, “काका, हे किती दिवसांपासून?” बापूकाकांनी पिशवीतून नोंदवही काढली आणि पहिल्या नोंदीपासून वाचायला सुरुवात केली. तिने चार ओळी ऐकल्या.

“काका, ही संवेदना नाहीये. चट्टा आहे.”

मग दुसरा आरसा त्यांच्या हातात देऊन तिने तो दाखवला. पांढरट, सुरकुतलेला, रुपयाच्या नाण्याएवढा. इतके महिने आत बघत असलेल्या माणसाने तोंड उघडून आरशात पाहिलेलं नव्हतं. तिने समजावलं. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटीन गालाच्या त्वचेतून भरभर शिरतं, म्हणून तर त्याने किक बसते. तोच चुना आणि तीच तंबाखू एकाच जागी वर्षानुवर्षं धरली, की तिथली त्वचा अशी होते. आत्ता थांबलात तर असे बरेचसे चट्टे काही आठवड्यांत मावळतात. नाही मावळला तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. कर्करोग हा शब्द तिने उच्चारला नाही. काकूंनी रिक्षात उच्चारला.

पण त्या मुलीने आणखी एक गोष्ट केली, ती मला फार हुशारीची वाटते. तिने नोंदवही चाळली, वेळांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “काका, तुम्ही बार भरल्यावर लिहिता. आता आधी लिहायचं, मग भरायचा. आणि का भरायचा तेही लिहायचं.”

एवढंच. उपदेश नाही, भिंतीवरच्या भीषण चित्राकडे बोट नाही. पण आयुष्यभर परिपत्रकं पाळलेल्या माणसाला तिने नकळत परिपत्रक दिलं होतं. बापूकाकांनी घरी येऊन नवा रकाना आखला: प्रयोजन. पहिल्या दिवशीची प्रयोजनं मी वाचली आहेत. “जेवण झाले म्हणून.” “जेवण व्हायचे आहे म्हणून.” “वीज गेली.” “वीज आली.” “बातम्या पाहून उद्वेग.” “बातम्या नव्हत्या.” पाचव्या-सहाव्या नोंदीला ते स्वतःच थबकले असावेत, कारण तिथे “किरकोळ” असं लिहून खोडलं आहे. किरकोळ खर्चाला खात्यात पावती लागते.

आणि मग, बहुधा रकान्यांची चटकच लागल्याने, त्यांनी स्वतःच शेवटी आणखी एक उभी रेघ ओढली. मंजुरी. सक्षम अधिकारी: काकू.

हा निर्णय त्यांना महागात पडला. काकू एक दिवसही कचेरीत गेल्या नव्हत्या, पण तीस वर्षं रात्रीच्या जेवणाला त्यांनी कचेरीच ऐकली होती. पहिली नोंद समोर आली तेव्हा त्यांनी चष्मा लावला, पूर्ण वाचली आणि पेन्सिलीने शेरा मारला: “मागील प्रयोजनापेक्षा हे वेगळे कसे? खुलासा सादर करावा.” बापूकाका खुलासा लिहायला बसले. लिहून होईपर्यंत काकू वामकुक्षीला गेल्या. संध्याकाळी खुलासा परत आला, त्यावर दोनच शब्द होते: “चर्चा करावी.” सरकारी नोकरीत ज्याने उमेदीची वर्षं घातली त्याला या दोन शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. तो कागद आता कुणाच्या नातवाच्या कारकिर्दीत निघेल.

या देशात ज्या कार्यपद्धतीने कालवे अडवले, पूल अडवले, तिने तंबाखू अडवली. दिवसाला चौदा बार होते, ते नऊवर आले, मग चारवर. चष्मा शोधायचा, वही काढायची, पेन झटकायचं, रकाने भरायचे, काकू कुठे आहेत ते पाहायचं. तोवर पाच-सात मिनिटं जातात, आणि तलफेचं आयुष्य साधारण तेवढंच असतं. ती उठते, चढते, ओसरते. हेच त्यांना टेकडीवर दहा दिवस ध्वनिफितीतून सांगत होते. बापूकाकांना ते नस्तीतून आलं तेव्हा पटलं. सहा आठवड्यांनी आरसा पुन्हा गालात गेला, तेव्हा चट्टा पुसट झाला होता. डॉक्टर मुलगी खूश झाली. बापूकाकांनी तिला समतेचं महत्त्व अर्धा तास समजावून सांगितलं. बाहेर तीन पेशंट बसले होते.

आता पुडी मसाल्याच्या डब्याशेजारी असते, वर रबरबँडने चिठ्ठी: “प्रलंबित.” बापूकाका बाकावर बडीशेप चघळत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सवय कशी बघावी ते सांगतात. गेल्या महिन्यात त्यांनी सर्वसाधारण सभेत ठराव मांडला की प्रत्येक सभासदाने आपल्या एका दुर्गुणाची नोंदवही ठेवावी आणि ती दरमहा सेक्रेटरींनी तपासावी. सेक्रेटरींनी, स्वतःच्या वहीचं काय, असं विचारल्यावर सभा तहकूब झाली. त्याआधी जे झालं त्याचा आवाज मागच्या इमारतीपर्यंत गेला, आणि या वेळी गॅलरीत दोघं नव्हे, सगळे आले होते.

मी जिन्यात काकूंना गाठलं. म्हटलं, “काकू, तंबाखूचं जमलं. रागाचं काही?”

काकू तांब्या घेऊन वर निघाल्या होत्या. जराही न थांबता म्हणाल्या, “त्याचा प्रस्तावच माझ्याकडे अजून आलेला नाही.”